धानावरची पन्न्यांची माळ

माझ्या घरात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि माझ्या बहिणीला — तिला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात समोरासमोर आलो तरी तुम्ही पुढं निघून जाल. जे ओळखतात त्यांच्या लेखी मी फार चांगला माणूस आहे. हुडकेश्वरला माझं औषधाचं दुकान आहे. म्हाताऱ्यांना गोळ्या घरपोच देतो, दुकानात आलेल्या बाईला आधी स्टुलावर बसवतो, मग चिठ्ठी बघतो. लोक म्हणतात, असा मेडिकलवाला मिळायला नशीब लागतं. हे ऐकलं की हल्ली माझं टाळकं फिरतं. राग त्यांचा येत नाही, माझाच येतो.

कुठून सुरू करू? नदीपासून करतो. ज्या नदीच्या नावानं हे शहर आहे, त्या नदीला आम्ही नागपूरकर नाला म्हणतो. नाक दाबून पुलावरून जातो, आणि पूल संपला की विसरतो. आमच्या हुडकेश्वरच्या मागून एक नाला जातो, तो पोहरा नदीला मिळतो, पोहरा नागला मिळते, आणि नाग पुढं कुही तालुक्यात शिरते. शहर संपलं म्हणजे नदी संपली असं आम्हाला वाटतं. अरे, पाणी पुढं जातं! तिकडं माणसं राहतात. त्यांची शेतं आहेत, म्हशी आहेत, धान आहे. आम्ही इकडं डोक्याला शाम्पू लावून, दुखऱ्या गुडघ्याला मलम चोळून, सकाळी बीपीची गोळी घेऊन, ते सगळं मोरीतून आणि संडासातून सोडून देतो आणि निर्मळ होऊन ऑफिसला जातो. अंगात गेलेली गोळी अंगातच जिरते असं थोडंच आहे? बरीचशी बाहेर पडते. मी औषधशास्त्र शिकलोय, मला हे माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते ऐका.

औषधाच्या दुकानात एक कटकट असते. तारीख उलटलेला माल कंपनी परत घेते, पण अख्खी स्ट्रिप असेल तरच. आमच्याकडं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "दोनच गोळ्या द्या भाऊ." कात्री घ्यायची, दोन कापून द्यायच्या. उरलेल्या स्ट्रिपवर कधी तारीख राहते, कधी राहत नाही. अशा कापलेल्या तुकड्यांचा ढीग प्रत्येक दुकानात साचतो. तो कोणी परत घेत नाही. रीतसर नेऊन जाळणारी गाडी असते, पण तिला बोलवा, वाट बघा, कोण करतो? पूर्वी मी ते तुकडे पिशवीत भरून कचऱ्यात टाकायचो.

एकदा सकाळी झाडणारी बाई दुकानासमोर उभी राहिली. तिच्या हातात माझ्याच कचऱ्यातला तुकडा होता. म्हणाली, "दादा, ह्या गोळ्या तापाच्या हायेत का? पोरीले ताप हाये, एक देली रात्री." साखर कमी करायची गोळी होती ती. पोरगी वाचली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी ठरवलं, यापुढं एकही गोळी अशी फेकायची नाही की कोणाच्या हाताला लागेल.

म्हणून बादली आली. दुपारी उन्हाच्या वेळी आमच्या रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही. शटर अर्धं ओढायचं, मागच्या मोरीजवळ बसायचं आणि एकेक गोळी तुकड्यातून दाबून बादलीत पाडायची. कॅप्सूल असेल तर उघडून पावडर सोडायची. जंतूंवरच्या गोळ्या, बीपीच्या, झोपेच्या, बायकांच्या पाळीच्या — सगळ्या एकात. वरून मुदत संपलेलं खोकल्याचं सिरप, मलमाच्या ट्यूबा पिळून, शाम्पूच्या पुड्या फाडून. गरम पाणी ओतून काठीनं ढवळायचं. गुलाबी-पिवळा फेस यायचा, त्याला गोडूस वास असायचा. पूर्ण विरघळलं की मागच्या नाल्यात. बादली स्वच्छ धुवायची, हात धुवायचे. खोटं कशाला बोलू, देवपूजा आटोपल्यासारखं वाटायचं.

आणि एवढ्यावर मी थांबलो असतो तर! मी हे शहाणपण वाटत सुटलो. आमच्या भागातल्या दुकानदारांच्या मेळाव्यात उभं राहून झाडणाऱ्या बाईचा किस्सा सांगितला, आवाज जड केला, आणि बादलीची पद्धत समजावून दिली. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मिळाला. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, ते पाणी जातं कुठं? सगळे शिकलेले. सगळ्यांच्या भिंतीवर फ्रेम केलेली पदविका. पुढच्या महिन्यापासून कितीतरी दुकानांच्या मागं बादल्या लागल्या. ती शाल अजून कपाटात आहे, बायको लग्नाकार्यात पांघरायला काढते.

तुम्हाला वाटत असेल, झाला कबुलीजबाब. नाही. हा नुसता मूर्खपणा झाला, आणि मूर्खपणाला माणसं माफ करतात. मी जे सांगायला बसलोय ते मूर्खपणानं केलेलं नाही.

माझी मोठी बहीण कुसुमताई. आम्ही विणकरांचे. घरात माग होता, वडील दिवसभर मागावर, आणि ताई शाळा सोडून त्यांच्यासाठी कांड्या भरायची. सूत तिच्या बोटांना कापायचं. ती कांड्या भरत राहिली म्हणून मी पुस्तक उघडू शकलो, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना कळतं. तिला कुही तालुक्यात दिली. सासरचेही विणकरच, पण माग केव्हाच मोडून धानाच्या शेतीत उतरलेले. गावाचं नाव सांगत नाही. नदी त्यांच्या वावराच्या कडेनं जाते एवढं पुरे.

ताईचे मालक, माझे भाऊजी, म्हणजे कमी बोलणारा, हातानं सतत काहीतरी करणारा माणूस. वाया काही जाऊ द्यायचं नाही. फुटक्या मडक्यात मिरचीचं रोप, जुन्या टायरचा म्हशीसाठी हौद. मी गेलो की अंगणात खाट टाकायचे, पाणी द्यायचे आणि माझ्याकडं असं बघायचे की जणू डॉक्टरच घरी आलाय. मी सांगेन ते प्रमाण. हे लक्षात ठेवा. हे फार लागणार आहे.

ते वर्ष असं होतं की पावसानं ऐन वेळी दडी मारली आणि धान तेव्हाच ओंबीवर आलं. भाऊजींनी नदीवर मोटर बसवली. मोटर त्या गावात सगळेच बसवतात. पाण्याला वास येतो, पायाला खाज सुटते, पण धान वाचतं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात पाणी घेताना चिखलात काच होती, ती भाऊजींच्या तळपायात गेली. जखम काही मोठी नव्हती. ताई तेव्हा भिवापूरला, लेकीच्या बाळंतपणाला. घरात भाऊजी एकटेच. त्यांनी मला फोन केला. आणि मी — डॉक्टर ना काही, चिठ्ठी ना काही — एसटीच्या कंडक्टरच्या हाती गोळ्या पाठवून दिल्या आणि फोनवर बजावलं, "भाऊजी, कोर्स पूर्ण करा हं. बरं वाटलं तरी मध्ये सोडू नका." दुकानात दिवसभर हेच तर बोलतो मी. औषध अर्धवट पडलं की जंतू मरत नाहीत, शिकतात. पुढच्या वेळी तेच औषध त्यांच्यावर चालत नाही.

जखम भरेना. मी दुसऱ्या गोळ्या पाठवल्या, आधीपेक्षा जोरदार. त्यानंही काही होईना. मग एका रविवारी स्वतः गेलो. भाऊजी घरी नव्हते. पायाला फडकं गुंडाळून, काठी टेकत वावरात गेले होते, पाखरं राखायला. मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर पोचलो आणि डोळे दिपले. धानावर या काठीपासून त्या काठीपर्यंत सूत बांधलेलं होतं — ताईनं माहेराहून नेलेलं, आमच्या वडिलांच्या मागाचं उरलेलं सूत — आणि त्या सुताला गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा ओवलेल्या. वारा आला की सगळ्या एकदम फिरायच्या, उन्हात चमकायच्या, आणि धानावर उतरलेली पाखरं भुर्रकन उडायची.

भाऊजी हसले. "पाह्य गा, तुह्या पन्न्या कामी आल्या. एक गोळी खाल्ली की ते घर रिकामं, अन् पूरी पन्नी झाली की इकडं बांधून देतो. एकही सोडली नाई."

मी माळेखालून चालत गेलो. हात लावून पाहिलं. धंद्याची खोड, दुसरं काय? प्रत्येक स्ट्रिपचं प्रत्येक घर फुटलेलं होतं. मी पाठवलेल्या पहिल्या गोळ्या, दुसऱ्या गोळ्या — सगळ्या. इतकं नेटकं औषध घेणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात भेटलं नव्हतं. आणि पाय मात्र घोट्याच्या वर काळसर होऊ लागला होता.

नागपूरला आणलं. मोठ्या दवाखान्यात ठेवलं. ताई भिवापूरहून तिथंच आली, लेकीला आणि चार दिवसांच्या नातीला सासूच्या हवाली करून. पू तपासायला दिला. भारी औषधं शिरेतून चालू झाली, तीही लागू पडेनात. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. भाऊजींना साखर नव्हती, बीपी नव्हतं, दारू नव्हती, तंबाखूची चिमूटसुद्धा नव्हती.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. पाय काढल्यावर दुसऱ्या दिवशी ती खाटेजवळ आली. ताई उशाशी, मी पायथ्याशी. तिनं विचारलं, शेताला पाणी कुठलं? भाऊजी म्हणाले, नाग नदीचं. ती जराशी थांबली. मग आम्हाला समजावून सांगू लागली — जखमेतले जंतू असे निघालेत की नेहमीची औषधं त्यांना काहीच करत नाहीत. शहराच्या सांडपाण्यात औषधांचे अंश असतात, थोडे थोडे, रोजचे. त्या पाण्यात राहून जंतू औषधाला सरावतात. असं काही असेल तर ती गावात माणसं पाठवणार होती. पाणी तपासायला, आणखी कोणाच्या जखमा चिघळतायत का ते बघायला. "पण आधी मला एक खात्री हवी," ती म्हणाली. "यांनी आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?"

आता इथं थांबतो जरा. कारण यापुढचं लिहायला हात धजत नाही.

ती बोलत होती तेव्हा मला काय दिसत होतं सांगू? बादली. गुलाबी-पिवळा फेस. ती काठी. थोडे थोडे, रोजचे — अहो, हेच तर मी गिऱ्हाइकांना सांगतो! अर्धवट कोर्स! मी आणि माझ्या शिकवणीनं शहाणे झालेले सगळे मेडिकलवाले नदीला वर्षानुवर्षं अर्धवट कोर्स देत होतो, आणि नदीतले जंतू शिकत होते. माझ्याच बादलीतून भाऊजींच्या पायात ते गेले असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. एवढं मोठं शहर, किती दवाखाने, किती संडास. पण तिनं माणसं पाठवली असती, पाणी तपासलं असतं, तर माग काढत काढत कोणीतरी वर सरकलं असतं. नाल्यापर्यंत. दुकानामागच्या मोरीपर्यंत. निदान मला तसं वाटलं. शाल-नारळ घेतलेल्या माणसाला किती घाबरायला होतं, हे त्या दिवशी कळलं.

भाऊजी तोंड उघडणार, त्याच्या आधीच मी बोललो.

मी म्हणालो, "नाही मॅडम. मध्येच सोडल्या त्यांनी. मी कितीदा बजावलं, पण ऐकलं नाही."

हेच ते. हे मी केलं. बावचळून तोंडातून निसटलं असं नाही. शांतपणे, समजूतदार नातेवाइकाच्या आवाजात बोललो. वर मान हलवून उसासासुद्धा टाकला. डॉक्टरीण म्हणाली, मग तेच कारण असावं, आणि पुढच्या खाटेकडं गेली. गावात कोणी आलं नाही. पाणी कोणी तपासलं नाही. खेड्यातला माणूस औषध अर्धवट सोडतो, हे ऐकायला सगळेच तयार असतात ना! शिकलेल्यानं सांगितलं की संपलं. मला फार खोटं बोलावंच लागलं नाही, अर्धं काम आधीच झालेलं होतं.

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी सुटलो असतो. ते गोंधळले होते. ताई कडाडली, "काहून जी? काहून सोडल्या? मी घरी असती तं पाहूनच राहिली असती न तुमच्या तोंडाकडं!" ते ताईला म्हणाले, हळूच, "मी तं पूऱ्या खाल्ल्या वं. वावरात जाऊन पाह्य, पन्न्या लटकून हायेत साऱ्या. तू मोजून घे."

म्हणजे साक्ष होती. धानावर, वाऱ्यात, भर उन्हात चमकत होती.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. तिथंच, खाटेशी, दोन शब्द बोलायचे होते. 'चुकलो, भाऊजी बरोबर सांगतायत' — एवढं. ताई रडली असती, एक थोबाडीत दिली असती, आणि डॉक्टरीण परत फिरली असती. बोललो का मी? नाही. मी म्हणालो, "ताई, तू इथंच थांब. म्हशीचं बघून येतो मी." ताईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "तू हायेस म्हणून आधार हाये रे बाबू."

गाडी काढली आणि गावाला गेलो. म्हशीला पेंढी टाकली, पाणी दाखवलं. मग वावरात गेलो. संध्याकाळ व्हायला आली होती, पाखरं झाडावर बसून वाट बघत होती. दुकानातली कात्री माझ्या खिशात होती. ज्या कात्रीनं मी आयुष्यभर स्ट्रिपा कापल्या, तिनंच सूत कापलं. माझ्या बापाच्या मागाचं सूत. माळ खाली पडली, मी ती गुंडाळली, पिशवीत भरली. पाठ वळवली तशी पाखरं धानावर उतरली.

ती पिशवी कुठं टाकली असेन? विचारू नका, तुम्हाला समजलंच आहे. पुलावर गाडी थांबवली आणि नदीत सोडून दिली. हाताला सवय होती.

दोन दिवसांनी ताई गावाला जाऊन आली. वावरात काठ्या उभ्या होत्या, काठ्यांना सुताची टोकं होती, पन्नी एकही नव्हती. पाखरांनी अर्धं धान फस्त केलं होतं. ती परत आली आणि भाऊजींना काही म्हणाली नाही. नुसती उशाशी बसली. माणूस खोटं बोलला म्हणून नाही, तर खोटं बोलायची पाळी आली म्हणून तिला त्यांची दया आली. मी तिथंच होतो. भाऊजींनी विचारलं, "पाह्यल्या न?" ताई म्हणाली, "वाऱ्यानं गेल्या असतीन." भाऊजींनी चादर सरकवून कापलेल्या पायाकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "सुटल्या असतीन गा एखाद-दोन. ताप होता मले. तू म्हणतो तं सुटल्या असतीन."

तू म्हणतो तं! एक पाय गेलेल्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, स्वतःच्या हातानं ओवलेलं सोडून दिलं आणि माझं खरं मानलं. मी त्यांचा पाय घेतला की नाही, ते कोणी सांगू शकणार नाही. पण त्यांच्याजवळचं खरं मी घेतलं, हे नक्की. आणि ताईजवळचंही घेतलं. ती आजतागायत म्हणते, बाळंतपणाला गेली नसती तर ह्यांचा पाय राहिला असता. नातीचा वाढदिवस आला की ती हसता हसता मध्येच गप्प होते. सगळ्यांना वाटतं, आठवण येते. कसली आठवण? मी तिच्या गळ्यात बांधलेला दगड आहे तो.

मला राग येतो. शहराचा येतो, नाक दाबून पुलावरून जाणाऱ्यांचा येतो, टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या जातभाई मेडिकलवाल्यांचा येतो. अंगदुखीला, सर्दीला, कशालाही "जरा जोरदार गोळी द्या" म्हणणाऱ्यांचा येतो, आणि देणाऱ्याचा — म्हणजे परत माझाच. फिरून फिरून भोपळे चौकात तशी गत आहे माझी. बादली मी बंद केली हे खरं. आता कापलेले तुकडे डब्यात साठवतो, जाळणारी गाडी बोलावतो. पण ज्यांना शिकवलं, त्यांना 'बंद करा' असं सांगितलं का? नाही सांगितलं. का म्हणून विचारतील. मग कारण सांगावं लागेल. तेव्हा हुडकेश्वरच्या आसपास कितीतरी मोऱ्यांमधून आजही ते पाणी जातंच आहे, आणि प्रत्येक बादलीमागं माझंच भाषण आहे. त्या गावात पुढं आणखी कोणाच्या जखमा चिघळल्या, मी विचारलेलं नाही. चिघळल्या असतील. विचारायला मला भीती वाटते, आणि न विचारता मी रोज जेवतो.

घाबरलो होतो, बायको-पोर डोळ्यांसमोर आलं — असं काही लिहिणार होतो. लिहिलं आणि खोडलं. त्या क्षणी डोळ्यांसमोर कोणी आलं नव्हतं. मला फक्त माझं नाव दिसत होतं, दुकानाच्या पाटीवरचं.

यंदा पावसाळ्यानंतर गावाला गेलो होतो. भिवापूरची भाची माहेरी आली होती. तिच्या पोरीला — तीच, बाळंतपणातली, आता शाळेत जाते — घसा धरून ताप आलेला. कुहीच्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्याच मी दुकानातून घेऊन गेलो होतो, आणि शेवटची गोळी मी तिथं असतानाच होती. पोरगी कडू म्हणून तोंड फिरवत होती. भाऊजी कुबडी सरकवून तिच्याजवळ जाऊन बसले. तिला म्हणाले, "घेऊन टाक माय. पूरी घ्या लागते. मी मधातच सोडली होती, पाह्य माह्या पायाकडं." आणि रिकाम्या बाजूवर धोतर सारखं केलं. पोरीनं डोळे मिटून गोळी गिळली. ताई दारात तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

आता सगळ्या घराला ही गोष्ट पाठ झाली आहे. पोरांना औषध द्यायचं असलं की भाऊजींचा पाय दाखवतात. ते स्वतःच दाखवतात. पहिल्यांदा अडखळत सांगायचे, आता सरावले आहेत.

पोरगी खेळायला पळाली. भाऊजींनी रिकामी स्ट्रिप उचलली, बोटांनी सपाट केली, प्रत्येक घर फुटलंय ना ते उजेडात धरून पाहिलं. मला वाटलं, सूत मागतील. त्यांनी ती माझ्यापुढं केली.

"ठेव तुह्याजवळ," ते म्हणाले. "तू पाह्यलं न, पोरीनं साऱ्या घेतल्या म्हणून? उद्या कोणी म्हणालं तं सांगशीन."

मी स्ट्रिप घेतली. हो म्हणालो, पाहिलं.

तेव्हाही पाहिलं होतं. माळेखालून चालत, हात लावून पाहिलं होतं. भाऊजींनी एकही गोळी सोडली नव्हती.